न्हाणीघराचा नळ : टाकीची उंची आणि पाण्याची जात

घर बांधताना पाया, कॉलम, स्लॅब आणि फरशी यांवर जेवढा खल होतो, त्याच्या शतांशानेही तो न्हाणीघरातील नळावर होत नाही. बांधकाम संपत आल्यावर, हातातील पैसा आटत आलेला असताना, दुकानाच्या फळीवर चकाकणाऱ्या तोट्यांमधून एखादी पसंत केली जाते आणि विषय तेथेच मिटतो. वास्तविक घरातील ज्या मोजक्या वस्तूंचे भाग रोज हलतात, रोज घासले जातात आणि सतत पाण्यात असतात, त्यांत नळ मोडतो. तो चुकीचा निवडला गेला तर पाणी वाया जाते, भिंतीत ओल धरते, आणि घरातील म्हाताऱ्या माणसाला आंघोळीच्या वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात, जेथे एकमजली स्लॅबचे घर, स्लॅबवर प्लास्टिकची टाकी, ठरावीक वेळी येणारे नळयोजनेचे पाणी आणि त्याला विहिरीची किंवा बोअरची जोड, अशी व्यवस्था सर्रास आढळते, तेथे शहरातील बहुमजली इमारतींचे निकष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून निवडीचा आरंभ टाकी किती उंचीवर आहे आणि तिच्यात येणारे पाणी कोणत्या जातीचे आहे, या दोन प्रश्नांनी व्हावा. आकार, चकाकी आणि किंमत यांचा विचार त्यानंतरचा.

तोटीची घडण कशी बदलत गेली

पाणी कमी दाबाने वाहत असेल तर ते अडवण्याची फारशी गरज पडत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत मार्गाने पुण्यात आणले गेले, तेव्हा ते ठिकठिकाणच्या हौदांत पडत असे आणि लोक हौदातून ते भरून नेत. पाणी बंद नळीतून, दाबाखाली, घराघरांत नेण्याची वेळ आली तेव्हा मात्र ते अडवणाऱ्या खात्रीशीर यंत्रणेची आवश्यकता निर्माण झाली. जुन्या तोटीत आडवे भोक पाडलेली एक निमुळती खुंटी असे. खुंटी पाव फेरा फिरवली की भोक नळीच्या रेषेत येऊन पाणी वाहू लागे आणि पुन्हा फिरवली की थांबे. दाब वाढल्यावर ही खुंटी गळू लागली, शिवाय पाणी एकाएकी अडल्याने नळ्यांना आतून धक्का बसू लागला. या धक्क्याला जलाघात म्हणतात आणि त्यामुळे सांधे निखळू शकतात.

या अडचणीवर इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील एडवर्ड क्राइम्स यांनी १८४५ मध्ये पेटंट घेतलेल्या स्क्रूच्या तोटीने उत्तर दिले. तिच्यात चावी अनेक फेरे फिरवल्यावर दांडा, म्हणजे स्पिंडल, हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा वॉशर नळाच्या आतील गोल बैठकीवर दाबून बसतो. पाणी सावकाश थांबत असल्याने जलाघात टळतो आणि वॉशर झिजला तर तेवढाच बदलता येतो. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईला मिळू लागले आणि पुढील काळात महाराष्ट्रातील शहरे व नंतर गावे नळयोजनांखाली आली, त्या दीर्घ कालखंडात हाच नळ सामान्य माणसाच्या परिचयाचा होता. एकाच दांडीने गरम व थंड पाणी मिसळणारा नळ अमेरिकेत १९४० च्या दशकात बाजारात आला. त्यानंतर काही दशकांनी सिरॅमिकच्या चकत्यांचा नळ रुळला आणि पाव फेऱ्यात उघडमीट होण्याची जुनी सोय अधिक पक्क्या स्वरूपात परत आली. आज दुकानात जे प्रकार दिसतात, त्यांतील बहुतेक सर्व या तीन घडणींत बसतात.

दाब : निवडीचा पहिला निकष

पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर अवलंबून नसतो, तो टाकीतील पाण्याची पातळी नळाच्या तोंडापासून किती उंच आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीचा पाण्याचा उभा स्तंभ सुमारे एक बार दाब देतो. बार हे दाबाचे एकक असून नळांच्या माहितीपत्रकांत तेच छापलेले असते. एकमजली घराचे गणित यावरून सहज मांडता येते. स्लॅब फरशीपासून तीन मीटर उंच, त्यावर एक मीटरचा ओटा किंवा लोखंडी स्टँड आणि टाकीत अर्धा मीटर पाणी असेल, तर पाण्याची पातळी फरशीपासून साडेचार मीटरवर येते. बादली भरण्याचा नळ फरशीपासून पाऊण मीटरवर असला तर त्याच्या वाट्याला पावणेचार मीटर, म्हणजे ०.३७ बारच्या आसपास दाब येतो. दोन मीटरवरच्या शॉवरला अडीच मीटर, म्हणजे पाव बारच उरतो, आणि टाकी रिकामी होत आली की त्यातही घट होते. नळ्यांची लांबी, वळणे आणि अरुंद सांधे यांत जो दाब खर्ची पडतो, तो यातून आणखी वजा करावा लागतो.

याउलट एका दांडीचे अनेक मिक्सर, पावसासारख्या धारा सोडणारे मोठे शॉवर आणि पाण्यात हवा मिसळणाऱ्या जाळीचे नळ एक ते तीन बार दाब गृहीत धरून घडवलेले असतात. नळातून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे दाब एकचतुर्थांश झाला तर पाणी निम्मे होते. एक बार दाबाला मिनिटाला बारा लिटर देणारा नळ पाव बारला सहाच लिटर देतो. पंधरा लिटरची बादली पहिल्या स्थितीत सव्वा मिनिटात भरते, दुसऱ्या स्थितीत तिला अडीच मिनिटे लागतात. बादलीच्या बाबतीत हा विलंब सोसता येतो; शॉवर मात्र तेवढ्या दाबात धार सोडत नाही, त्याच्या कडेने पाणी ओघळत राहते.

म्हणून खरेदीपूर्वी माहितीपत्रकातील किमान कार्यदाबाचा आकडा पाहावा आणि तो आपल्या घरात मिळणाऱ्या दाबापेक्षा अधिक असल्यास तो नळ बाजूला ठेवावा. जेथे टाकी उंच करणे शक्य आहे तेथे ओटा एक मीटरने वाढवल्यास दाबात ०.१ बारची भर पडते. पाव बारवर चालणाऱ्या शॉवरच्या दृष्टीने ही वाढ लहान नाही आणि तिला वीजही लागत नाही. मात्र भरलेल्या हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असते, तेव्हा ओट्याची आणि त्याखालील स्लॅबची ताकद जाणकाराकडून तपासून घेणे आवश्यक ठरते. टाकीतून उतरणारी मुख्य नळी २५ मिलिमीटरची, न्हाणीघरापर्यंत २० मिलिमीटरची आणि केवळ अखेरच्या फाट्यावर १५ मिलिमीटरची ठेवल्यास मिळालेला दाब वाटेत फारसा वाया जात नाही. विजेवरचा दाबपंप हा पर्याय आहे, परंतु वीज गेल्यावर निरुपयोगी होणाऱ्या साधनावर रोजची आंघोळ अवलंबून ठेवणे ग्रामीण भागात शहाणपणाचे म्हणता येत नाही.

पाणी : खडकातून आलेले क्षार

कामरगावचा परिसर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला असून त्यातील खनिजांमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुबलक असते. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून मुरताना ही द्रव्ये विरघळवून घेते आणि विहिरीतून किंवा बोअरमधून वर येते तेव्हा बहुधा जड, म्हणजे कठीण, झालेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने (आयएस १०५००, २०१२) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा ६०० मिलिग्रॅम ठरवली आहे. कामरगावच्या उत्तरेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा लागतो. तेथील भूजलात कठीणपणाखेरीज मिठाचे, म्हणजे क्लोराइडचे, प्रमाणही मोठे असते. बोअरचे पाणी कोणत्या प्रकारचे आहे याचा अंदाज साबणाला फेस येतो की नाही, तांब्याच्या बंबात किती जाड खपली धरते आणि चवीला पाणी मचूळ लागते का, यावरून घरातल्या माणसांना असतोच. प्रयोगशाळेत तपासून घेतल्यास तो आकड्यांत कळतो.

या दोन प्रकारच्या पाण्यांचा नळावर होणारा परिणाम वेगळा असतो. कठीण पाणी तापले किंवा वाळले की त्यातील कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या खपलीच्या रूपाने बाहेर पडते. ती शॉवरची छिद्रे आणि नळाच्या तोंडाची जाळी बुजवते आणि गरम पाण्याच्या बाजूचा नळ आधी घट्ट करते. खारे पाणी धातूवर हल्ला करते. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असून क्लोराइडयुक्त पाण्यात त्यातील जस्त हळूहळू विरघळून निघून जाते आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ धातू उरतो. अशा नळाची बाहेरची चकाकी शाबूत असतानाच त्याचा आटा एखाद्या दिवशी भिंतीत तुटतो.

धातूची पारख

चांगल्या न्हाणीघरासाठी पितळ हाच सर्वसाधारण पर्याय मानला जातो, कारण ते ओतता, कातता आणि आटे पाडता येण्याजोगे असून लोखंडासारखे गंजत नाही. चकाकी देणारा मुलामा प्रत्यक्षात दोन थरांचा असतो : खाली काही मायक्रॉन जाडीचे निकेल आणि त्यावर एका मायक्रॉनच्याही अंशाएवढे पातळ क्रोमियम. गंजापासून संरक्षणाचे मुख्य काम निकेल करते, म्हणून स्वस्त नळात हा थर पातळ असला की वर्षा-दोन वर्षांत हिरवट डाग उमटतात. बाजारात पितळासारखेच चमकणारे जस्ताच्या मिश्रधातूचे नळही असतात. त्यांची पारख करण्यासाठी नळ उलटा धरून भिंतीत जाणाऱ्या टोकातून आत पाहावे. मुलामा आतवर पोहोचलेला नसतो, त्यामुळे पितळी नळाच्या आट्यांच्या मुळाशी पिवळा धातू दिसतो, तर जस्ताच्या नळात करडा. वजनानेही फरक लक्षात येतो, कारण पितळाची घनता पाण्याच्या साडेआठ पटींच्या जवळ असते आणि जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहा पटींच्या आसपास. सारख्या आकाराचे दोन नळ दोन हातांत घेतले तर जड कोणता हे लगेच कळते.

प्लास्टिकच्या नळांकडे कमी प्रतीचे म्हणून पाहण्याची सवय खाऱ्या पाण्याच्या प्रदेशात सोडून द्यावी लागते. पीटीएमटी या नावाने विकला जाणारा अभियांत्रिकी प्लास्टिकचा नळ क्षाराने खाल्ला जात नाही, त्याच्यातून जस्त निघण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि त्याची किंमतही कमी असते. थंड पाण्याच्या बादलीच्या नळासाठी, संडासातील नळासाठी आणि अंगणातील नळासाठी तो पुरेसा योग्य आहे. मात्र सौर तापकाचे पाणी कडक उन्हात साठ-सत्तर अंशांपलीकडे जाऊ शकते, तेव्हा गरम पाण्याच्या फाट्यावर प्लास्टिकचा नळ बसवण्यापूर्वी उत्पादकाने दिलेली तापमानाची मर्यादा वाचणे अगत्याचे आहे. स्टेनलेस स्टीलचा नळ घ्यायचा असल्यास ३०४ या प्रतीचा घ्यावा. फार खाऱ्या पाण्यात त्यालाही बारीक खड्डे पडू शकतात.

वॉशरचा नळ की चकतीचा

नळ बंद करणाऱ्या यंत्रणेची निवड पाण्यातील गाळावर अवलंबून असते. सिरॅमिकच्या नळात ॲल्युमिनाच्या दोन अत्यंत गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात; त्यांची भोके समोरासमोर आली की पाणी वाहते. ॲल्युमिना पोलादापेक्षा कठीण असल्याने स्वच्छ पाण्यात या चकत्या वर्षानुवर्षे टिकतात, पण वाळूतील क्वार्ट्झचा कण, नळी कापतानाचा कीस किंवा सिमेंटचा खडा त्यांच्यात अडकला की चकती पूर्ण मिटत नाही, आणि मग संपूर्ण अंतर्भाग, ज्याला दुकानदार कार्ट्रिज म्हणतात, बदलावा लागतो. प्रत्येक उत्पादकाच्या कार्ट्रिजची लांबी आणि चावी बसवण्याच्या दात्यांची संख्या सारखी नसते. म्हणून कारंजाच्या किंवा अमरावतीच्या बाजारात ज्याचा सुटा भाग मिळतो तोच नळ घ्यावा. हा निकष नावाजलेपणापेक्षा महत्त्वाचा आहे.

वॉशरचा जुना नळ गाळ अधिक सोसतो आणि त्याचा वॉशर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळून पान्याने घरच्या घरी बदलता येतो. त्याचा दोष असा की गळू लागल्यावर माणसे चावी अधिकाधिक जोराने आवळतात, त्यामुळे वॉशर कापला जातो, पुढे बैठकीलाच खाच पडते आणि मग नवा वॉशरही उपयोगी पडत नाही. शिवाय ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या गावात गोल चावीचा नळ उघडा आहे की बंद, हे पाहून समजत नाही. पाणी नसताना उघडा राहिलेला नळ पाणी आल्यावर वाहत सुटतो. पाव फेऱ्याच्या दांडीची दिशा पाहताच नळाची स्थिती कळते, आणि साबणाने ओल्या किंवा संधिवाताने आखडलेल्या हातांना ती कोपराच्या धक्क्यानेही फिरवता येते. या कारणांमुळे टाकीच्या मुखाशी गाळणीची जाळी आणि प्रत्येक न्हाणीघराला पाणी बंद करणारा स्वतंत्र स्टॉप कॉक असल्यास घरातील नळ चकतीचे आणि लांब दांडीचे घ्यावेत; आणि जेथे गढूळ पाणी थेट योजनेच्या नळीतून येते, त्या अंगणातील नळाला वॉशरचाच प्रकार ठेवावा, असा विवेक उपयुक्त ठरतो.

आकार, जागा आणि आरोग्य

विदर्भातील बहुतेक घरांत आंघोळ बादली आणि मगाने होते, म्हणून नळाचा आकार बादलीवरून ठरवावा. घरगुती बादलीचा वरचा व्यास सुमारे तीस सेंटिमीटर असतो. तिच्या मध्यावर धार पडायची असेल तर नळाचे तोंड भिंतीपासून किमान पंधरा सेंटिमीटर पुढे आले पाहिजे, आणि त्यासाठी लाँग बॉडी हा लांब देहाचा नळ लागतो. शॉर्ट बॉडी नळाची धार भिंतीला लागून उतरते आणि फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरते. वॉशिंग मशीनची नळी जोडण्यासाठी मात्र आखूड नळच सोयीचा पडतो. हात धुण्याच्या भांड्यावर उभा पिलर कॉक बसवतात आणि त्याखालच्या अँगल कॉकमुळे संपूर्ण घराचे पाणी बंद न करता दुरुस्ती करता येते.

गरम आणि थंड पाण्याच्या मिश्रणासाठी दोन चाव्यांचा वॉल मिक्सर कमी दाबाच्या घरात एका दांडीच्या मिक्सरपेक्षा अधिक पाणी देतो, कारण त्याच्या आतील वाटा बहुधा रुंद असतात. दोन्ही बाजूंचा दाब मात्र सारखा असला पाहिजे. थंड पाणी पंपाच्या दाबाने आणि गरम पाणी सौर तापकाच्या केवळ उंचीने येत असेल, तर थंड पाणी मिक्सरमधून उलटे गरम नळीत शिरते आणि दोन्ही चाव्या उघड्या असूनही धार थंडच राहते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गरम पाण्याच्या फाट्यावर बसवल्यास हा दोष आटोक्यात येतो.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम हवेच्या अंतराचा आहे. नळाचे तोंड बादलीच्या किंवा ड्रमच्या काठापासून वर असावे आणि हे अंतर नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या दुपटीहून कमी नसावे. नळाला लावलेली रबरी नळी ड्रमच्या पाण्यात बुडालेली असताना योजनेचा पुरवठा थांबला, तर मुख्य नळीत पोकळी निर्माण होऊन ड्रममधील पाणी उलटे ओढले जाते आणि पुढच्या पाळीला ते शेजाऱ्याच्या हंड्यात पोहोचू शकते. संडासातील हेल्थ फॉसेटची, म्हणजे हातात धरायच्या फवाऱ्याची, नळीही बादलीत सोडून ठेवू नये.

बसवणूक, देखभाल आणि गळती

नळ बसवण्यापूर्वी नळ्या उघड्या ठेवून भरपूर पाणी वाहू द्यावे, म्हणजे सिमेंट आणि कीस बाहेर पडतो. ही काही मिनिटांची दक्षता चकत्यांचे आयुष्य वाचवते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी, पान्याखाली कापड धरावे आणि नळ हाताला घट्ट लागल्यावर बेताचाच आवळावा. पांढरी खपली काढण्यासाठी लिंबूसत्वाचे कोमट पाणी किंवा व्हिनेगर वापरून लगेच धुऊन टाकावे. फरशी घासण्याचे तीव्र ॲसिड नळाला कधीही लावू नये. त्याने खपलीबरोबर क्रोमियमचा थरही जातो, आणि एकदा मुलामा फुटल्यावर तो घरी भरून येत नाही.

गळतीचे मोल आकड्यांत पाहिल्यास तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. एखादा नळ तासाला एक लिटर गळत असेल, आणि तांब्या खाली ठेवून घड्याळ लावले तर हे कोणालाही मोजता येते, तर दिवसाला २४ लिटर, म्हणजे एका माणसाच्या हक्काच्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक, मोरीतून वाहून जाते. महिन्याचा हिशेब ७२० लिटरवर पोहोचतो. उन्हाळ्यात बोअर आटणाऱ्या मुलखात हा तोटा परवडणारा नाही.

सारांश असा की, एकमजली घरात कमी दाबावर चालणारे साध्या घडणीचे नळ, गरम पाण्याला पितळ, खाऱ्या थंड पाण्याला अभियांत्रिकी प्लास्टिक, म्हाताऱ्या आणि लहान हातांसाठी लांब दांडी, आणि सर्वांसाठी जवळच्या बाजारात मिळणारा सुटा भाग, हा क्रम धरावा. दुकानात जाण्यापूर्वी टाकीच्या तळापासून नळाच्या जागेपर्यंतची उंची टेपने मोजून कागदावर लिहून घ्यावी आणि दुकानदाराला सर्वप्रथम तोच आकडा सांगावा.